जवानाची तक्रार आणि रायफलीचा आराखडा



१० जुलै १९४४. इटलीतल्या टायबर नदीचं वरचं खोरं. तिसऱ्या-पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. ते स्वतः सोडून सेक्शनमधले सगळे पडले, कोणी ठार झाले, कोणी जखमी. सोबतीला आता कोणी नाही हे कळत असूनही घाडगे मशीनगनवर धावून गेले. हातगोळा टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी केले, टॉमी गनने एकाला पाडलं, आणि तेवढ्यात मॅगझिन संपलं. दुसरं चढवायला उसंत नव्हती. त्यांनी बंदूक नळीकडून पकडली आणि दस्त्याच्या घावांनी उरलेल्या दोघांना संपवलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या. वय अवघं २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इथून, कोलाडहून, महामार्गाने इंदापूर ओलांडलं की माणगाव येतं. पळसगाव हे त्यांचं गाव त्याच तालुक्यातलं, आणि माणगावात त्यांचं स्मारक आहे. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने या गावानेही त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलं. त्यांच्या स्मरणार्थ बोलायला मला बोलावलंत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे.

शौर्यावर बोलणारे माझ्यापेक्षा पुष्कळ चांगले वक्ते आहेत. माझी नोकरी फौजेच्या शस्त्रदुरुस्तीत गेली. म्हणून घाडगेंचं सन्मानपत्र वाचताना माझी नजर दर वेळी त्या संपलेल्या मॅगझिनवर थांबते. त्या दिवशी त्यांच्या हातात कोणती बंदूक असावी, तिच्यात किती गोळ्या मावाव्यात, ती किती जड असावी, यातलं काहीही त्यांनी ठरवलेलं नव्हतं. टॉमी गन अमेरिकेची. १९४० मध्ये ब्रिटनने ती घाईघाईने विकत घेतली, आणि तिथून ती हिंदी पलटणींकडे आली. जवान जीव पणाला लावतो, पण त्याचं हत्यार दूर कुठल्या तरी टेबलावर ठरतं. ते कसं ठरतं आणि कसं ठरायला हवं, याविषयी मी आज बोलणार आहे. त्यासाठी मी दोन देशांची हकिगत सांगेन, एक आपली आणि एक चेक प्रजासत्ताकाची.

चेक देश तुम्हाला लांबचा वाटेल, पण घाडगेंच्या पिढीला तो अनोळखी नव्हता. त्या काळात पायदळाच्या प्रत्येक सेक्शनचा आधार म्हणजे एक हलकी मशीनगन, ब्रेन. तिचा मूळ आराखडा वात्स्लाव्ह होलेक या चेक शस्त्ररचनाकाराचा, ब्रनो शहरातल्या झब्रोयोव्हका कारखान्यातला. इंग्रजांनी तो घेतला, आपल्या .३०३ गोळीला जुळवून घेतला आणि एन्फील्डला तिचं उत्पादन सुरू केलं. वरून चढवायचं वळणदार मॅगझिन आणि झटक्यात बदलता येणारी नळी यांमुळे ती इतकी भरवशाची ठरली, की स्वातंत्र्यानंतर आपल्या फौजेने तिला ७.६२ मिमी गोळीसाठी बदलून घेतलं आणि पुढे कित्येक दशकं वापरलं. माझ्या वयाचा कोणताही जुना फौजी एल.एम.जी. म्हटलं की आधी तीच आठवतो.

महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकिया सोव्हिएत गटात गेला. गटातल्या बाकी देशांनी कलाश्निकोव्ह, म्हणजे ए.के., रायफल घेतली. चेक लोकांनी सोव्हिएत ७.६२ बाय ३९ गोळी स्वीकारली, पण रायफल स्वतःची बनवली. यिरझी चेर्माक यांनी आखलेली ही व्हीझेड ५८ लांबून हुबेहूब ए.के.सारखी दिसते. उघडून पाहिली तर आतलं काहीच ए.के.शी जुळत नाही. बोल्टला कुलूप घालण्याची रीत वेगळी, घोड्याची रचना वेगळी, मॅगझिनसुद्धा ए.के.ला बसत नाही. ती ए.के.पेक्षा हलकीही आहे, तीन किलोच्या आत. उहेर्स्की ब्रोद या गावातल्या चेस्का झब्रोयोव्हका कारखान्यात, ज्याला जग सीझेड म्हणून ओळखतं, ती १९८४ पर्यंत बनत राहिली.

१२ मार्च १९९९ रोजी चेक प्रजासत्ताक नाटोत गेलं, आणि त्याच्या फौजेच्या कोतात, म्हणजे शस्त्रागारात, ठेवलेली प्रत्येक रायफल एका अर्थाने परकी झाली, कारण नाटोची गोळी होती ५.५६ मिमी. बदल लगेच झाला नाही. दहाएक वर्षं जुन्या व्हीझेड ५८ वरच काम चाललं. मग सीझेडने ८०५ ब्रेन ही नवी रायफल आणली. अॅल्युमिनियमचं कवच, घडी होणारा दस्ता, गरजेप्रमाणे नळी बदलून दुसऱ्या गोळीची करता येईल अशी रचना. शेवटच्या फेरीत तिच्यासमोर बेल्जियमची एफएन स्कार होती. २०१० मध्ये करार झाला, सुमारे आठ हजार रायफलींचा, आणि २०११ पासून त्या जवानांच्या हातात पडू लागल्या.

आणि तक्रारी आल्या. रायफल जड आहे. रिकामीच साडेतीन किलोच्या वर, तिच्यावर दुर्बीण, ग्रेनेड लाँचर, टॉर्च चढवला की दिवसभराच्या गस्तीत खांदा उतरतो. हाताळणीबद्दलही नाराजी होती. फौज छोटी, कारखाना देशातलाच, त्यामुळे या तक्रारी कागदाच्या ढिगात हरवल्या नाहीत. सीझेडने रायफल पुन्हा आखली. वजन तीन किलोच्या आसपास आणलं, दोन-दोन गोळ्यांच्या झडीची सोय काढून टाकली, नाटोभर चालणारं मॅगझिन बसेल अशी रचना केली. ही ब्रेन २. पहिली रायफल स्वीकारून पाच-सहा वर्षं होताहेत तोच तिची जागा घेणारी तयार झाली, आणि २०२० मध्ये चेक फौजेने तिच्यासाठी मोठा करार केला. फ्रान्सच्या जेंडार्मरीचं दहशतवादविरोधी पथक, जी.आय.जी.एन., हेही तीच वापरतं.

माझ्या मते या हकिगतीतली सर्वांत धाडसी गोष्ट नव्या रायफलीचं तंत्र नव्हे. आपण नुकतीच कौतुकाने स्वीकारलेली वस्तू पाच वर्षांत बदलायला लागते हे उघडपणे मान्य करणं, आणि त्यात कोणाची मानहानी न समजणं, हे धाडस मोठं आहे. आपल्याकडे ते फार कमी दिसतं.

आता आपल्याकडे वळू. १९६२ मध्ये आपली पलटण हिमालयात चढली तेव्हा बहुतेक जवानांच्या हातात ली-एन्फील्ड .३०३ होती. एक गोळी झाडायची, बोल्ट हाताने मागे-पुढे करायचा, मग पुढची. समोर चिनी जवानांकडे अर्ध-स्वयंचलित आणि स्वयंचलित हत्यारं होती. त्यानंतर एस.एल.आर., म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफल, आली, बेल्जियमच्या एफएन एफएएलवर बेतलेली ७.६२ मिमीची. तिच्या जुळवणीचं काम पुण्याच्या ए.आर.डी.ई.ने, म्हणजे आर्मामेंट रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंटने केलं, आणि ती इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनली. पाषाणच्या टेकडीकडे जाताना कुंपणामागे दिसणारी ही संस्था १९५८ पासूनची. शस्त्रांच्या बाबतीत महाराष्ट्राचं स्थान किती मोठं आहे, हे आपल्याकडच्या मुलांना फारसं सांगितलं जात नाही. खडकीला दारूगोळ्याचा जुना कारखाना आहे, जळगाव जिल्ह्यात वरणगावला लहान शस्त्रांच्या गोळ्या बनतात, आणि रायफली आखणारे लोक पुण्यात बसतात.

१९८० च्या दशकात जगाने ५.५६ मिमी गोळीकडे मोहरा वळवला. ही गोळी हलकी, तिचा धक्का कमी, आणि त्याच वजनात जवान जास्त राऊंड घेऊन जाऊ शकतो. पुण्यातच इन्सास रायफल आखली गेली. रायफल, एल.एम.जी. आणि कार्बाइन अशा तीन भावंडांचा विचार होता. काम लांबत गेलं. काश्मीर पेटलेलं, हातात नवी रायफल नाही, म्हणून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला परदेशातून ए.के. धर्तीच्या सुमारे एक लाख रायफली घ्याव्या लागल्या. २६ जानेवारी १९९८ च्या संचलनात इन्सास देशाने पाहिली, आणि पुढच्याच वर्षी ती कारगिलला चढली.

इन्सासचं मॅगझिन मी तुम्हाला जरा जवळून दाखवतो. ते प्लास्टिकचं, अर्धपारदर्शक, आत २० राऊंड. पारदर्शक ठेवण्यामागचा विचार चांगला होता, कारण किती गोळ्या उरल्या ते जवानाला नजरेनेच कळावं. मॅगझिनमध्ये तळाशी स्प्रिंग, स्प्रिंगवर एक पाटी, आणि तोंडाशी आत वळलेले दोन काठ. स्प्रिंग गोळी वर रेटते, काठ तिला अडवून धरतात, आणि मागून येणारा बोल्ट वरची गोळी काठांतून पुढे सरकवून चेंबरमध्ये बसवतो. रायफलीचे मुख्य भाग पोलादाचे, सगळं शास्त्र नळीत आणि बोल्टमध्ये, पण काम चालतं ते या दोन काठांच्या भरवशावर. काठाला केसभर तडा गेला की गोळी तोंड वर करून येते, वाकडी होते, आणि रायफल ठप्प. जवान त्याला स्टॉपेज म्हणतात. मोकळ्या मैदानावरच्या फायरिंगमध्ये स्टॉपेज काढायला काही सेकंद लागतात. पाच हजार मीटर उंचीवर, हातमोजे घातलेल्या सुन्न बोटांनी, समोरून गोळ्या येत असताना ते काही सेकंद म्हणजे काय, याचा हिशेब करण्याची माझी हिंमत नाही.

कारगिलच्या थंडीत मॅगझिनला तडे गेल्याच्या आणि रायफल अडल्याच्या तक्रारी आल्या. फायर करताना तेलाचे शिंतोडे डोळ्यांत उडतात, अशीही तक्रार होती. २००५ मध्ये नेपाळच्या फौजेने कालिकोटच्या चकमकीनंतर इन्सासलाच दोष दिला, आणि भारताच्या बाजूने उत्तर आलं की वापर आणि निगा नीट झाली नाही. दोन्ही बाजूंत काही तथ्य असू शकतं. इन्सासच्या पुढच्या आवृत्त्यांत सुधारणाही झाल्या. पुण्यातल्या इंजिनियरांनी निष्काळजीपणा केला, असं माझं मुळीच म्हणणं नाही. वाळवंटापासून हिमनदीपर्यंत सर्वत्र चालेल अशी रायफल आखणं हे चेक फौजेपुढे कधी नव्हतंच असं कोडं आहे. त्यांची फौज पंचवीसेक हजारांची, आपली बारा लाखांहून मोठी. पण आखणारा पुण्यात, बनवणारे इशापूर, कानपूर आणि तिरुचिरापल्लीत, वापरणारा द्रासला, आणि ठरवणारा दिल्लीत. जवानाच्या तोंडची तक्रार या चार टप्प्यांतून फिरून आराखड्याच्या टेबलापर्यंत जाईस्तोवर तिचा ओलावा निघून जातो. कोतातून निघालेल्या तक्रारीचं पुढे नेमकं काय झालं, हे तक्रार करणाऱ्याला कधीच कळत नाही. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे, आणि तो मी कोणाला दुखावण्यासाठी सांगत नाही.

आता दोन्ही हकिगती एकमेकींत गुंफल्या जातात ती जागा. २०११ मध्ये भारताने सुमारे ६६,००० रायफलींची निविदा काढली. अट अशी होती, की एकच रायफल नळी बदलून ५.५६ मिमी आणि ७.६२ बाय ३९ अशा दोन्ही गोळ्या झाडेल. चाचण्यांना आले अमेरिकेचं कोल्ट, इटलीचं बेरेटा, इस्रायलची आय.डब्ल्यू.आय., आणि चेक सीझेड, तीच ८०५ ब्रेन घेऊन.

या अटीचा अर्थ कोतात काम केलेल्या माणसाला लगेच समजतो. प्रत्येक रायफलीला दोन नळ्या, दोन तऱ्हेची मॅगझिनं, दोन तऱ्हेचा दारूगोळा. नळी बदलली की रायफल पुन्हा झिरो करावी लागते, म्हणजे रेंजवर नेऊन, गोळ्या झाडून, तिची नजर आणि तिचा मारा एका जागी आणावा लागतो. गस्तीवर निघालेला जवान दुसरी नळी पाठीवर घेत नाही. कागदावर अट भारदस्त दिसते, पण ज्याला ती रायफल घेऊन रात्र काढायची आहे त्याला विचारून ती लिहिलेली नाही, असंच मला वाटतं. चार वर्षं ही प्रक्रिया चालली आणि जून २०१५ मध्ये ती निविदा रद्द झाली. त्याच सुमारास चेक कारखान्यात ब्रेन २ आकार घेत होती. म्हणजे आपण जी रायफल तपासत होतो, ती तिच्या स्वतःच्या देशातच बदलली जात होती. पुढे २०२१ मध्ये सीझेडने चक्क कोल्ट कंपनीच विकत घेतली, आपल्या निविदेतले दोन प्रतिस्पर्धी एका घरात गेले.

त्यानंतरचा प्रवास मी पटकन सांगतो. फौजेचं मन बदललं आणि ती जास्त मारक ७.६२ बाय ५१ गोळीकडे पुन्हा वळली. २०१७ मध्ये इशापूरची त्या गोळीची रायफल नापसंत झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या सिग सॉअर कंपनीकडून ७२,४०० रायफली तातडीने घेतल्या, २०२४ मध्ये आणखी. डिसेंबर २०२१ मध्ये रशियाबरोबर सहा लाखांहून अधिक ए.के.-२०३ रायफली अमेठीजवळच्या कोरव्यात बनवण्याचा करार झाला, त्या ७.६२ बाय ३९ च्या. दहा वर्षांत आपण ५.५६ वरून दोन गोळ्यांच्या रायफलीकडे, तिथून ७.६२ बाय ५१ कडे आणि मग ७.६२ बाय ३९ कडे गेलो. प्रत्येक निर्णयाला कारण होतं. पण एकच जवान आपल्या नोकरीत इन्सास, सिग आणि ए.के. अशा तिघींची सवय करतो, आणि वरणगावसारख्या ठिकाणी गोळ्या बनवणाऱ्यांना तितक्या तऱ्हेची मागणी पुरी करावी लागते, याची किंमत निविदेच्या कागदात कुठेच धरलेली नसते.

मात्र पुण्यात याच काळात काही वेगळं घडलं, आणि त्याबद्दल मला अभिमान वाटतो. जानेवारी २०२१ मध्ये अस्मि नावाचं ९ मिमीचं मशीन पिस्तूल समोर आलं. ते ए.आर.डी.ई. आणि महूच्या इन्फन्ट्री स्कूलने मिळून केलं, आणि पायदळाच्या बाजूने आखणीत लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड होते. काम चार महिन्यांत झालं. आखणारा आणि वापरणारा एकाच टेबलाशी बसले, म्हणून ते इतक्या लवकर झालं, असं मी मानतो. जानेवारी २०२४ मध्ये त्याच संस्थेने हैदराबादच्या एका खासगी कंपनीबरोबर उग्रम ही ७.६२ बाय ५१ ची रायफल सादर केली. वजन चार किलोंच्या आत, मारा ५०० मीटर, आखणीला शंभराहून कमी दिवस लागल्याचं सांगितलं गेलं. मी उग्रमकडे आशेने बघतो, पण शंभर दिवसांत रायफल उभी राहते, भरवसा उभा राहत नाही. त्याला चिखल, वाळू, बर्फ आणि कंटाळलेल्या जवानाचा निष्काळजी हात, या सगळ्यांतून जावं लागतं.

आणि आता कार्बाइन. आजही आपल्या फौजेत काही ठिकाणी नऊ मिमीची स्टर्लिंग कार्बाइन आहे, जिचा आराखडा दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरचा. घाडगे लढत होते त्याच वर्षांतला. तिच्या जागी सव्वाचार लाख नव्या कार्बाइन घ्यायचं ठरलं, आणि २०२५ मध्ये निवड झाली ती ए.आर.डी.ई.ने आखलेल्या आणि पुण्याच्या भारत फोर्जने बनवायच्या ५.५६ मिमीच्या कार्बाइनची, मोठ्या वाट्यासह, आणि उरलेला वाटा दुसऱ्या कंपनीला. आखणी पुण्याची, बनवणं पुण्याचं. इन्सासच्या वेळी जी चार टप्प्यांची फेरी होती, तिच्यातले दोन टप्पे आता एकत्र आले आहेत.

या पट्ट्यातून पिढ्यान्‌पिढ्या मुलं फौजेत गेली. महाडजवळचं फौजी आंबवडे तर नावापासूनच सांगतं. इथे बसलेल्या मुलांपैकी कोणी उद्या मराठा किंवा महार रेजिमेंटमध्ये जाईल, आणि कोणी पॉलिटेक्निकमधून पुण्याच्या कारखान्यात जाईल. तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत राहायला हवं. आणि आपण मोठ्यांनी आपल्या खासदारांकडे, संरक्षण समित्यांवर बसणाऱ्यांकडे एक नेमकी मागणी करायला हवी. सव्वाचार लाख कार्बाइनपैकी पहिल्या काही हजार सियाचीन, राजस्थान आणि ईशान्येतल्या पलटणींना पूर्ण एक वर्षासाठी द्या. त्यांच्या कोतातली प्रत्येक नोंद, मॅगझिनच्या काठाला गेलेल्या तड्यापासून निसटलेल्या पिनेपर्यंत, थेट पाषाणला आणि कारखान्याला जाऊ द्या. त्या नोंदींप्रमाणे आराखडा बदलण्याची मोकळीक आणि बदलाचा खर्च करारातच लिहा, म्हणजे पुन्हा निविदा, पुन्हा मंजुरी करत दहा वर्षं जाणार नाहीत. आणि ज्या हवालदाराने तक्रार लिहिली, त्याला तिचं काय झालं ते त्याच्या युनिटच्या पत्त्यावर कळवा.